डोळे मिचकावणं: अ‍ॅलर्जी, टिक, की दोन्ही?

"मुलगा सारखे डोळे मिचकावतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी आहे, थेंब दिले. बालरोगतज्ज्ञ म्हणाले सवय आहे, आपोआप जाईल. शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष वेधून घेतो. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीवर मी जेव्हा जेव्हा लिहिलं, तेव्हा तेव्हा हा प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत माझ्याकडे आला. दवाखान्यातही फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास तो रोज समोर बसलेला असतो. आई-बाबांची तक्रार असते की दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, म्हणजे एक जण चुकतोय. बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात. एकाच मुलाला डोळ्यांची अ‍ॅलर्जी आणि टिक दोन्ही असू शकतात आणि ते काही दुर्मीळ नाही. प्रश्न असतो तो आधी काय करायचं, किती दिवस करायचं आणि कुठे थांबायचं याचा. हा लेख त्यासाठीच आहे.

दोघांची गल्लत का होते

टिक म्हणजे अचानक, झटक्यासारखी, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. मूल ती मुद्दाम करत नाही आणि ती पूर्णपणे नकळतही होत नाही. शिंक येताना जसं होतं तसंच. आत काहीतरी साचतं, क्षणभर दाबता येतं, पण शेवटी ती येतेच आणि आल्यावर बरं वाटतं. मुलांमध्ये पहिली टिक बहुधा डोळ्यांची असते, म्हणजे मिचकावणं, घट्ट मिटणं किंवा बुबुळं वर फिरवणं. म्हणून पालक मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडे न जाता आधी माझ्यासारख्या नेत्रतज्ज्ञाकडे येतात, आणि ते योग्यच आहे.

आता दोघांचं वेळापत्रक पाहा. टिक साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होते, दहा-बारा वर्षांच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि पुढे बहुतेकांत ओसरते. मुलींपेक्षा मुलग्यांत तिचं प्रमाण तीन-चार पट. उन्हाळ्यात बळावणारी डोळ्यांची जुनाट अ‍ॅलर्जी, म्हणजे व्हर्नल, हीसुद्धा बहुधा वयाच्या दहाव्या वर्षाआधी सुरू होते, तीही मुलग्यांत जास्त असते आणि वयात आल्यावर पुष्कळदा शांत होते. वय तेच, मुलगेच जास्त, आणि दोन्हींची भरती-ओहोटी चालू राहते. गोंधळ होणार नाही तर काय?

या भरती-ओहोटीमुळेच घरात बाटल्यांची रांग लागते. टिकचा जोर सर्वांत जास्त असतो तेव्हा तुम्ही डॉक्टरकडे जाता. थेंब सुरू होतात. टिक तिच्या स्वभावानुसार दोन आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय थेंबांना मिळतं. महिन्याने ती परत येते, मग "या थेंबांचा असर संपला" म्हणून डॉक्टर बदलतो, थेंब बदलतात. वर्षभरात सहा बाटल्या होतात. उलट बाजूनेही हेच घडतं. एकदा कुणी "टिक आहे" म्हटलं, की पुढच्या मार्चमध्ये डोळे लालबुंद होऊन पाणी गळत असलं तरी घरचे म्हणतात, त्याची ती सवयच आहे. मला ही दुसरी चूक जास्त घातक वाटते, कारण तिच्यात बुबुळाला इजा होऊ शकते.

संबंध नेमका काय, तेवढंच

तुमच्या निर्णयासाठी एवढं पुरे.

पहिलं, डोळ्यांची खाज आणि जळजळ यामुळे मूल पापण्या मिटतं. ही टिक नव्हे. कारण गेलं की मिचकावणं जातं.

दुसरं, ज्या मुलात टिकचा कल मुळातच आहे, त्याच्यात अ‍ॅलर्जीची खाज हे निमित्त ठरू शकतं. खाज गेली तरी हालचाल मागे उरते. घसा बसून बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने खाकरत राहणारी मुलं तुम्ही पाहिली असतील, तोच प्रकार.

तिसरं, दोन्ही आजार एकाच मुलात आढळण्याचं प्रमाण योगायोगापेक्षा जास्त दिसतं. तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टुरेट (हालचाली आणि आवाज दोन्ही असलेली, वर्षाहून जास्त चालणारी टिक) असलेल्या मुलांमध्ये नाकाच्या अ‍ॅलर्जीची शक्यता इतर मुलांच्या दुपटीच्या आसपास आढळली. नाक आणि डोळे या बाबतीत जुळे भाऊ आहेत, एकाला त्रास झाला की दुसऱ्यालाही होतो. पण सोबत आढळणं म्हणजे एकामुळे दुसरं होणं नव्हे. अ‍ॅलर्जी बरी केली की टिक मुळापासून जाईल, असं आश्वासन कुणी देत असेल तर त्याला पुरावा नाही. अ‍ॅलर्जीचा त्रास, झोपमोड आणि चिडचिड कमी झाली की टिकचा जोर कमी होतो, हे मात्र पुष्कळ घरांत अनुभवाला येतं.

आणखी एक आकडा, धीर देण्यासाठी. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये सारखे डोळे मिचकावणाऱ्या ९९ मुलांची एकापाठोपाठ तपासणी झाली आणि २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात ३७ टक्के मुलांमध्ये कारण पापण्यांत किंवा डोळ्याच्या पुढच्या भागात सापडलं, २३ टक्क्यांमध्ये टिक होती आणि १४ टक्क्यांमध्ये चष्म्याचा नंबर. म्हणजे डोळा आधी तपासायचा यात शहाणपण आहे, आणि डोळ्यातच अडकून पडायचं नाही यातही.

पायरी पहिली: सात दिवस नुसतं पाहा

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी आठवडाभर एक साधी वही ठेवा. मुलाला सांगू नका, त्याच्यासमोर लिहू नका. टिककडे लक्ष वेधलं की ती वाढते, आणि तुमची नोंदच चुकेल. वहीत एवढं लिहा:

- मूल डोळे चोळतं का? मुठीने, मनगटाने, शर्टाच्या बाहीने? खाज हा अ‍ॅलर्जीचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. नुसतं मिचकावणं आणि चोळणं अजिबात नाही, तर टिककडे झुकतं माप.
- सकाळी डोळ्यांतून पांढरट, चिकट, धाग्यासारखी तार निघते का? ती अ‍ॅलर्जीची खूण. पिवळा घट्ट पू असेल तर तो वेगळा विषय.
- उन्हात, धुळीत, मैदानावरून आल्यावर, मांजर-कुत्र्याजवळ, घर झाडताना वाढतं का?
- चित्र काढताना, तबला वाजवताना किंवा कॅरमचा नेम धरताना कमी होतं का? मन गुंतलेलं असताना टिक पुष्कळदा थांबते. खाज तितकी सभ्य नसते.
- परीक्षा, भांडण, पाहुणे, वाढदिवसाचा उत्साह, अपुरी झोप, यांपैकी कशाने वाढतं? टिक आनंदातही वाढते, हे पालकांना माहीत नसतं.
- डोळ्यांखेरीज दुसरं काही? मान झटकणं, खांदा उडवणं, तोंड वाकडं करणं, घशातून बारीक आवाज? मागे कधी दुसरीच एखादी "सवय" होती आणि ती गेली का? टिक घरं बदलते.

"शाळेत काहीच करत नाही, घरी आल्यावरच करतो, म्हणजे मुद्दाम करतो," असा निष्कर्ष काढू नका. शाळेत मूल दिवसभर दाबून धरतं आणि घरात, जिथे सुरक्षित वाटतं तिथे, सोडतं.

नाकाबाबत एक सावधगिरी. अ‍ॅलर्जी असलेलं मूल नाक सुरसुर ओढतं, नाक आक्रसतं, तळहाताने खालून वर घासतं आणि घसा खाकरतं. टिकमध्येही नेमकं हेच दिसतं. नाकाच्या हाडाखाली आडवी बारीक रेघ पडली असेल तर ते घासण्याने झालं आहे, म्हणजे खाज खरी. तरीही नाकाच्या लक्षणांवरून घरच्या घरी निकाल देऊ नका.

मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ लांबून काढा, मूल खेळात दंग असताना आणि टीव्ही पाहताना. दवाखान्यात आल्यावर दहापैकी सात मुलं पुतळ्यासारखी शांत बसतात आणि आई म्हणते, "आत्ताच नाही करत, बघा ना!" अशा वेळी तुमचा व्हिडिओ हीच माझी तपासणी असते.

पायरी दुसरी: डोळ्यांची पूर्ण तपासणी, चष्म्याच्या दुकानातली नव्हे

नंबर काढून देणारं यंत्र म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे. नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि पुढच्या गोष्टी झाल्या का ते विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना असा पालक आवडतो.

- वरची पापणी उलटून पाहिली का? व्हर्नल अ‍ॅलर्जीचे फोड पुष्कळदा वरच्या पापणीच्या आत लपलेले असतात. डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसतो आणि आत खडीचा रस्ता असतो. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि घाईत तीच राहून जाते.
- बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढला का? मुलांचा खरा नंबर त्याशिवाय कळत नाही.
- पापण्यांच्या कडांना कोंडा, आत वळलेले पापणीचे केस, बुबुळावर ओरखडा, कोरडेपणा यांपैकी काही आहे का? कोरडेपणासाठी स्क्रीनचे तास खरे सांगा, मुलासमोर नव्हे.
- तिरळेपणा अधूनमधून होतो का? उन्हात गेल्यावर एकच डोळा मिटणाऱ्या मुलाची ही तपासणी हवीच.

पायरी तिसरी: अ‍ॅलर्जीवर इलाज, पण मुदत ठरवून

तपासणीत अ‍ॅलर्जी सापडली तर आधी तिच्यावर नीट इलाज करा. बहुतेकदा ओलोपाटाडिन किंवा किटोटिफेनसारखे थेंब दिले जातात. ते खाज थांबवतात आणि पुढची प्रतिक्रियाही रोखतात. खाज काही दिवसांत उतरते, पण पूर्ण परिणाम पाहायला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. व्हर्नल जोरात असेल तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस लागू शकतं, ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

डॉक्टरांकडून उठण्याआधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहा: "किती आठवड्यांत काय कमी व्हायला हवं, आणि ते झालं नाही तर पुढे काय?" मुदत ठरलेली नसली की इलाज वर्षभर रेंगाळतो.

घरात करायचं ते साधं आहे:

- खाज सुटली की चोळण्याऐवजी थंड पाण्याची पट्टी पाच मिनिटं. डोळे सतत चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. त्याला केराटोकोनस म्हणतात, आणि झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. म्हणून "चोळू नको" हे सांगण्यासारखं आहे, पण "मिचकावू नको" हे नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना समजावून द्या.
- बाहेरून आल्यावर चेहरा धुणं, उन्हात टोपी आणि चष्मा, उशीच्या खोळी आठवड्याला गरम पाण्यात.
- दिवाळीची साफसफाई, धान्याची उफणणी, चुन्याची रंगरंगोटी मूल घरात नसताना उरका.
- आसपास काँग्रेस गवत असेल तर ते फुलण्याआधी काढून टाका. हे गाजरगवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं, १९५० च्या दशकात. त्याचे परागकण नाकाला आणि कातडीला छळतात. उपटताना हातमोजे घाला आणि मुलांना त्या कामाला लावू नका.
- काजळ, मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध, यांतलं काहीही डोळ्यात नको.

इथे बहुतेक जण फसतात: स्टेरॉइडचे थेंब

या परिच्छेदासाठी लेख कापून ठेवलात तरी चालेल. मेडिकलमध्ये जाऊन "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हटलं की हातात पडणाऱ्या बाटलीत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असतं. कायद्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मिळतात मात्र सर्रास. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, खाज जाते, मूल हसतं. मग दरवर्षी तीच बाटली येते, शेजारच्या मुलालाही दिली जाते. काही मुलांमध्ये यानेच डोळ्यातला दाब वाढत जातो. मूल तक्रार करत नाही, कारण काचबिंदू दुखत नाही, आणि कळतं तेव्हा नजरेचा काठ गेलेला असतो. मोतीबिंदूही लहान वयात होऊ शकतो. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

स्टेरॉइड कधी द्यायचंच नाही असं नाही. व्हर्नलने बुबुळावर व्रण झाला तर तेच डोळा वाचवतं. पण ते नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिलेलं, ठरावीक दिवसांचं आणि दाब मोजत दिलेलं हवं. तुमच्या घरी आत्ता असलेल्या बाटल्या काढा आणि त्यावरची नावं वाचा. "डेक्सा", "बीटा", "प्रेड", "फ्लुओरो" किंवा "लोटेप्रेड" असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. अनेक महिने वापरात असेल तर दाब मोजून घ्या.

दुसरा सापळा छोटा आहे. एकावर एक थेंब घालत गेल्यावर त्यांतली टिकवण्याची रसायनंच डोळ्याला टोचू लागतात आणि मूल त्यामुळेही मिचकावतं. कधी कधी माझा पहिला उपचार तीन बाटल्या बंद करणं हा असतो.

तिसरा सापळा पोटात घ्यायच्या औषधांचा. नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी मॉन्टेलुकास्ट असलेलं सिरप किंवा गोळी आपल्याकडे महिनोन्‌महिने चालू ठेवतात. या औषधाने काही मुलांत झोप उडणं, वाईट स्वप्नं, चिडचिड, वागण्यातले बदल होऊ शकतात, आणि नोंदवलेल्या परिणामांत टिकसुद्धा आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. सगळ्यांना असं होत नाही. पण मिचकावणं किंवा चिडचिड औषध सुरू झाल्यानंतर आली असेल तर ती तारीख डॉक्टरांना सांगा. दम्यासाठी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. सर्दीच्या औषधातले नाक मोकळं करणारे घटकही मुलांना अस्वस्थ करतात आणि टिकला खतपाणी घालू शकतात.

पायरी चौथी: खाज गेली, मिचकावणं उरलं

ठरलेली मुदत संपली. डोळा स्वच्छ आहे, पापणी उलटून पाहिली तर आत शांत आहे, मूल चोळत नाही. तरी मिचकावतं. आता पाचवी बाटली आणू नका. इथून वाट बदलते.

बालरोगतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, यांपैकी जो जवळ मिळेल त्याच्याकडे जा. मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर आजही घरात कुजबूज होते. टिक हा मेंदूतल्या हालचालींच्या नियंत्रणाचा प्रश्न आहे. तो वाईट संगोपनाने होत नाही आणि वेडाशी त्याचा संबंध नाही. तिथे निदान मुख्यतः ऐकून आणि पाहून होतं. लक्षणं सरळ असतील तर एमआरआय लागत नाही, आणि "मनाची खात्री" म्हणून तो काढायची घाई करू नका.

तुम्हाला जी नावं ऐकायला मिळतील त्यांचा अर्थ असा:

- एक वर्षाहून कमी काळ: तात्पुरती टिक. शाळकरी मुलांत ती सर्रास आढळते.
- एक वर्षाहून जास्त, फक्त हालचाली किंवा फक्त आवाज: दीर्घकालीन टिक.
- एकाहून जास्त हालचाली आणि निदान एक आवाज, वर्षाहून जास्त, अठरा वर्षांच्या आत सुरू झालेलं: टुरेट. सिनेमात दाखवतात तशी शिवीगाळ थोड्याच जणांत असते.

टिक आहे म्हणून इलाज हवाच असं नाही. मुलाला दुखत नसेल, वाचायला अडत नसेल, कुणी चिडवत नसेल, तर समजून घेणं आणि वाट पाहणं हाच उपचार आहे. त्रास होत असेल तर औषधाआधी वर्तनोपचार. त्यात मुलाला टिक येण्याआधीची जाणीव ओळखायला आणि त्या जागी दुसरी, न दिसणारी हालचाल करायला शिकवतात. डोळ्यांच्या टिकसाठी ते बहुधा ठरावीक लयीत सावकाश पापण्या मिटणं असतं. औषधं आहेत, क्लोनिडिनपासून पुढची, पण ती शेवटी येतात आणि प्रत्येकाचे आपले परिणाम असतात. सोबत चंचलपणा, लक्ष न लागणं, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखं काही आहे का ते नक्की सांगा. पुष्कळ मुलांना टिकपेक्षा त्याचाच त्रास जास्त असतो.

घरात एकच नियम: टिकवर बोलायचं नाही. रागावणं नको, बक्षीस नको, "आज कमी केलंस हं" हेही नको. आजी-आजोबांना हे पटवणं सर्वांत अवघड जातं. त्यांना सांगा की डॉक्टरांनी लिहून दिलंय. हा लेख दाखवा हवं तर.

हे दिसलं तर मुदतीची वाट पाहू नका

- एकच डोळा लाल, दुखतो, उजेडात उघडत नाही, किंवा बुबुळावर पांढरा डाग. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.
- नजर अंधुक.
- मूल बोलता बोलता काही सेकंद हरवतं, नजर शून्यात, पापण्या फडफडतात, हाक मारली तरी ऐकत नाही आणि मग जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करतं. ही फिट असू शकते. टिकमध्ये मूल शुद्धीवर असतं, तुम्हाला उत्तर देतं. याचाही व्हिडिओ काढा.
- चेहऱ्याची एकच बाजू सतत ओढली जाते.
- हातातून वस्तू पडतात, अक्षर बिघडलं, हात-पाय नाचल्यासारखे हलतात, बोलणं अडखळतं, विशेषतः काही आठवडे-महिन्यांपूर्वी घसा दुखून ताप येऊन गेला असेल तर. संधिवाताच्या तापाने असं होतं आणि तो हृदयालाही धरतो.

शाळा आणि तुमचे हक्क

डोळे मिचकावतो म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं केलेलं मी ऐकलंय. वर्गासमोर "कर बघू पुन्हा" म्हणायला लावलेलंही. सहा ते चौदा वयोगटासाठीच्या शिक्षण हक्क कायद्याचं, २००९ चं, कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. पण कलम दाखवत शाळेत जाऊ नका. आधी डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घ्या: ही हालचाल मुद्दाम नाही, संसर्गजन्य नाही, टोकू नये, गरज वाटल्यास दोन मिनिटं वर्गाबाहेर जाऊ द्यावं. "संसर्गजन्य नाही" हे शब्द आवर्जून घालून घ्या, कारण लाल डोळा दिसला की शाळा डोळे आले समजून घरी पाठवते. बहुतेक शिक्षक पत्र वाचून बदलतात. नाही बदलले तर मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी, आणि प्रत्येक वेळी लेखी, पोच घेऊन. याखेरीज हेही माहीत असू द्या:

- दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. टुरेटचं नाव त्यात स्वतंत्र नाही. सोबत अध्ययन अक्षमता किंवा इतर यादीतलं निदान असेल तर प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.
- मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसीतले बाह्यरुग्ण खर्चाचे नियम मात्र वाचून घ्या.
- रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टर बदलताना हे वापरा, म्हणजे सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.
- अंगणवाडी आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढची तपासणी मोफत होते.
- मानसोपचारतज्ज्ञ जवळपास नसेल तर टेलिमानस, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुढच्या वर्षी परत आलं तर

येईल, हे धरून चाला. मागच्या वर्षीची वही काढा. पहिला प्रश्न तोच: चोळतोय का? चोळत असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि डोळा पुन्हा तपासून घ्या, मागच्या वर्षी टिकचं निदान झालेलं असलं तरी. चोळत नसेल, डोळा पांढरा असेल आणि मूल खेळण्यात रमलं असेल, तर दोन आठवडे काहीच करू नका. आणि फ्रिजच्या दारात उरलेली मागच्या मोसमाची बाटली टाकून द्या. फोडल्यापासून महिन्याभराने तिची मुदत संपते, बाटलीवरची तारीख काहीही असो. नवी बाटली उघडलीत की त्या दिवशीची तारीख पेनाने तिच्यावर लिहा.